आर्वीहून अल्माटी: अल्पाइन बोर्ड घेऊन शिम्बुलाकच्या उतारांवर

आमच्या आर्वीकडच्या भागात संक्रांत झाली की तूर सोंगून होते, हरभरा घाट्यावर येतो आणि गव्हाला पाण्याची एक पाळी देऊन घराबाहेर पडता येतं. मध्य आशियातल्या डोंगरांवर बर्फाचा थर नीट बसलेला असतो तोही याच सुमारास. त्यामुळे दादा, वहिनी आणि मी यंदा संक्रांतीनंतर कझाकस्तानातल्या अल्माटीजवळ शिम्बुलाकला अल्पाइन बोर्ड घेऊन जाऊन आलो.

अल्पाइन बोर्ड म्हणजे लांब, अरुंद आणि ताठ स्नोबोर्ड. मध्यभागी, म्हणजे बोर्डाच्या कमरेला, 18 ते 21 सेंटिमीटर रुंद, पायात कडक प्लास्टिकचे हार्डबूट आणि ते धरायला धातूच्या प्लेट बाइंडिंग. उड्या मारायला किंवा भुसभुशीत बर्फात तरंगायला तो केलेला नसतो. कडेवर उभं राहून बर्फात बारीक रेघ कोरत वळायचं, हेच त्याचं काम. यालाच कार्व्हिंग म्हणतात. बोर्डाची शेपूट, म्हणजे मागचं टोक, नाकाच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, मागातूनच गेली पाहिजे, बाजूला घासत गेली तर ते कार्व्हिंग नव्हे.

म्हणून जागा निवडताना बर्फ किती पडतो हे नंतर बघायचं. रोज रात्री ग्रूमर मशीन फिरवून उतार दाबून सारखा करतात का, हे आधी. गुलमर्गचा गोंडोला अफरवटवर 3,900 मीटरच्या पुढे नेतो, पण त्या वरच्या टप्प्याची ख्याती ताज्या, न दाबलेल्या बर्फाची आहे. तिथं अरुंद बोर्ड नेऊ नये. औलीचे उतार कार्व्हिंगला छान आहेत, पण 2023 च्या जानेवारीत जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथून वर जाणारा रोपवे बंद झाला आणि बर्फाचाही दरवर्षी भरवसा नसतो. शिम्बुलाकचा तळ 2,260 मीटरवर आणि माथा, म्हणजे तालगार खिंड, सुमारे 3,200 मीटरवर. 2011 च्या आशियाई हिवाळी स्पर्धांतलं अल्पाइन स्कीइंग इथंच झालं. कृत्रिम बर्फाच्या तोफा आहेत, नियमित ग्रूमिंग आहे. भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी नियम पुन्हा बघून घ्यावा.

तारखा ठरवताना आठवड्याचे वार महत्त्वाचे. कार्व्हिंग करणारा माणूस उताराची सगळी रुंदी वापरतो, त्यामुळे गर्दी हाच मोठा धोका. नववर्ष आणि 7 जानेवारीचा ऑर्थोडॉक्स नाताळ टाळावा. रविवारी पोचायचं, सोमवार ते शुक्रवार बोर्डवर राहायचं आणि शनिवारी निघायचं, हा बेत आमच्या मते सगळ्यात चांगला.

निघण्याआधी, घरी

बर्फावरचे दिवस मोजके असतात, म्हणून बर्फाशिवाय होऊ शकणारं प्रत्येक काम गावातच उरकायचं. धार लावणं त्यात पहिलं.

गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात व्हाइस आहे. जबड्यांत बाभळीच्या फळ्या टाकून बोर्ड उभा धरला. कडेची पट्टी पोलादी असते, जेमतेम दोन मिलिमीटर जाड. बाजूची धार 88 अंशांवर ठेवली आणि तळाची बाजू 0.5 ते 1 अंश उचललेली. हा कोन नजरेनं धरता येत नाही, त्यासाठी कोन ठरवून दिलेला गाइड विकत घ्यावा. आधी सगळ्या कडेवर मार्कर पेनानं शाई लावायची, मग गाइडला लावलेली कानस नाकाकडून शेपटीकडे एकाच दिशेनं ओढायची. शाई सगळीकडे सारखी निघाली म्हणजे कोन बरोबर बसला. मध्येच शाई राहिली तर तिथं खोल खड्डा आहे किंवा गाइड डुगडुगतोय.

"काहून दाबून राह्यला? कानशीचं वजनच पुरे हाय," मिस्त्रीकाका म्हणाले. त्यांनी बर्फ कधी पाहिलेला नाही, पण विळे-पाशी आणि कडबा कटरची पाती यांना धार लावण्यात त्यांचा हात सगळ्या पंचक्रोशीत धरला जातो. दाबलं की कानस उड्या मारते आणि कडेवर लाटा उमटतात. या लाटा पुढे कडक बर्फावर बोर्ड थरथरवतात. कानशीनंतर डायमंड स्टोन, आधी भरड मग बारीक, दोन्ही पाण्यानं ओले करून. शेवटी तळाकडे वळलेली बर, म्हणजे धारेवर उरलेली धातूची बारीक कोर, रबरी दगडानं हलकेच काढायची. धार बरोबर आहे का ते नखावर बघतात. कड नखावर आडवी ओढली की नखाचा भुगा निघाला पाहिजे.

मेण लावायला कपड्यांची वाफेची इस्त्री चालत नाही. तिच्या भोकांत मेण जातं आणि तापमान वरखाली होतं. मेण लावण्याची वेगळी इस्त्री 120 ते 140 अंशांवर ठेवायची. कोणत्या मेणाला किती, ते पाकिटावर छापलेलं असतं. धूर निघाला म्हणजे जास्त तापली. इस्त्री एका जागी थांबवायची नाही. बोर्डाच्या वरच्या बाजूला हात लावून कोमट लागलं की तेवढं पुरे. अर्धा तास थंड होऊ द्यायचं, ॲक्रिलिकच्या पट्टीनं खरवडायचं आणि नायलॉनच्या ब्रशनं घासायचं. उणे 5 ते उणे 12 च्या बर्फाला कडक, थंडीचं मेण घ्यावं. फ्लोरिनचं मेण घेऊच नये. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं 2023-24 च्या हंगामापासून स्पर्धांमध्ये त्यावर बंदी घातली आहे आणि हौशी माणसाला त्याची गरजही नाही.

बाइंडिंगचे कोन ओसरीवरच ठरवले. नियम सोपा: बोर्ड कडेवर तिरका केला तरी बुटाचा पंजा किंवा टाच कडेबाहेर येऊन बर्फाला टेकता कामा नये. टेकली की कड बर्फातून उचलली जाते आणि माणूस क्षणात खाली. बूट अडकवून बोर्ड फरशीवर 60 अंशांपर्यंत कलवून बघायचा. दादाचा पाय मोठा, मोंडो (सेंटिमीटरमधलं बुटाचं माप) 28.5, त्याला पुढचा पाय 63 आणि मागचा 60 अंशांवर घ्यावा लागला. वहिनींचा 23.5, त्यांना 55 आणि 51 वरही जागा उरली. दोन पायांमधलं अंतर 46 ते 50 सेंटिमीटर. पुढच्या पंजाखाली आणि मागच्या टाचेखाली 3 अंशांची पाचर टाकली की गुडघे आपोआप बरोबर वाकतात.

स्क्रू 6 मिलिमीटर जाडीचे असतात. ते पाच-सहा पूर्ण फेरे बसले पाहिजेत. कमी बसले तर इन्सर्टचे, म्हणजे बोर्डातल्या स्क्रूच्या भोकांचे, आटे सोलून निघतात, लांब असले तर तळाला फुगवटा येतो. घट्ट करायला तीन नंबरचा पॉझिड्राइव्ह स्क्रूड्रायव्हर घ्यावा. साध्या चौफुलीनं स्क्रूचं डोकं खराब होतं, आणि परदेशात बाजार दूर असताना ते फार महागात पडतं.

पायांची तयारी शेतात होते. धुऱ्यावर एका पायापुढे दुसरा ठेवून, गुडघे आणि घोटे वाकवून दीड-दीड मिनिट तोल धरायचा. भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायचं. हे का, ते हिशोबातच दिसतं. वेग ताशी 36 किलोमीटर आणि वळणाची त्रिज्या 10 मीटर असली तर अंग सुमारे 45 अंश कलतं आणि पायांवर वजनाच्या 1.4 पट भार येतो. 75 किलोच्या माणसाला तो 105 किलो लागतो, तोही प्रत्येक वळणाला.

शनिवार-रविवार: आर्वी ते अल्माटी

आर्वीहून नागपूर, नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून थेट विमान. सगळं वेळेवर. सामानाबद्दल एवढंच सांगतो: बोर्डची बॅग क्रीडासाहित्य म्हणून तिकिटाबरोबरच नोंदवावी आणि हार्डबूट केबिन बॅगेत ठेवावेत. बॅग चुकली तर बोर्ड भाड्यानं मिळेल, आपल्या पायाच्या मापात बसलेला बूट मिळणार नाही. हार्डबूट आणि प्लेट बाइंडिंग तिथं भाड्यानं मिळतील असं धरून कुणीही निघू नये. बोर्डाच्या कडांवर सायकलची जुनी ट्यूब चिरून घातली होती, धार शाबूत राहिली.

2024 च्या मार्चपासून सगळ्या कझाकस्तानची वेळ एकच झाली आहे. त्यामुळे घड्याळ फक्त अर्धा तास मागे घ्यावं लागतं आणि झोपेचं वेळापत्रक अजिबात बिघडत नाही. पहिल्याच सकाळी ताज्या पायांनी उभं राहायचं असेल तर युरोपपेक्षा इथं येण्यात हा मोठा फायदा.

अल्माटीत उतरल्यावर डोंगर दिसतील असं वाटलं होतं, दिसला तो राखाडी धूर. हिवाळ्यात कोळशाचा धूर आणि गाड्यांचा धूर शहरावर साचून राहतो, कारण थंड जड हवा खाली बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकण घालते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी शहरात मास्क वापरावा किंवा मुक्काम वरच्या बाजूला, मेदेऊच्या रस्त्याला घ्यावा.

सोमवार: पहिल्या रेघा

मेदेऊहून शिम्बुलाकपर्यंत केबलगाडी साडेचार किलोमीटर चढते. निम्म्या वाटेत पाळणा धुराच्या थरातून बाहेर आला आणि निळं आभाळ, तियान शानची शिखरं आणि ऊन एकदम समोर आलं. वहिनींनी खिडकीला हात लावून पाहिला. "वर तर खालच्यापेक्षा ऊब हाय," त्या म्हणाल्या, आणि खरंच होतं. शहरात उणे 9, वर तळावर उणे 4. हवेचं ते झाकण आपण ओलांडलं की असं होतं.

लिफ्ट सुरू होण्याआधी अर्धा तास रांगेत उभं राहावं. ग्रूमरनं केलेला उतार सकाळी पाहिला की नुकतीच तिफण फिरलेल्या वावराची आठवण होते, सरळ, सारख्या, बोटभर अंतराच्या ओळी. या ओळी पहिले दोन तास टिकतात. नंतर लोकांच्या घसरण्यानं बर्फाचे ढीग होतात आणि मध्ये कडक चकाकते पट्टे उघडे पडतात. अल्पाइन बोर्डचा दिवस खरं तर याच दोन तासांचा. बाकीचा वेळ सरावाला, जेवणाला आणि धार लावायला.

पहिल्या दिवशी माथ्यावर जाऊ नये. उंचीही अंगवळणी पडायची असते. तळाजवळचा, आठ-दहा अंशांचा रुंद उतार घ्यायचा आणि आडवं जाऊन फक्त कड टेकवायची. बोर्डाच्या बाजूच्या कमानीला त्रिज्या असते, आमच्या बोर्डांची 10 ते 12 मीटर. कड जितकी जास्त कलवाल तितकं वळण लहान होतं. 11 मीटर त्रिज्येचा बोर्ड 45 अंशांवर साधारण 7.8 मीटरचं वळण घेतो, 60 अंशांवर 5.5 मीटरचं. पायानं बोर्ड ढकलून वळवायचा नाही. कलवायचं आणि वाट बघायची, बोर्ड स्वतः वळतो. नव्या माणसाला सगळ्यात अवघड जातं ते हे वाट बघणं.

प्रत्येक फेरीनंतर थांबून वर बघायचं. आपला माग काय सांगतो? पेन्सिलभर रुंदीची खोल रेघ असेल तर कड धरली. हातभर रुंद खरवडलेला पट्टा असेल तर घसरलं. रेघ वळणाच्या शेवटी रुंद होत असेल तर वळण उशिरा सुरू झालं आणि शेवटी घाईनं ब्रेक लावला गेला. व्हिडिओपेक्षा हा माग जास्त खरं बोलतो.

थांबताना उताराच्या कडेला थांबावं आणि चढाच्या खाली, आड जागी कधीच नाही. पुढच्या माणसाला वाट देणं ही मागून येणाऱ्याची जबाबदारी, हा स्कीच्या उतारांवरचा जगभरचा नियम. पण कार्व्हिंग करणारा एकदम आडवा येतो आणि मागच्याला ते अपेक्षित नसतं. त्यामुळे प्रत्येक मोठ्या वळणाआधी खांद्यावरून वर एक नजर टाकणं आपल्या जिवासाठी आवश्यक.

दुपारी चहा. इथं चहा दुधाचाच पितात, कान नसलेल्या वाटीसारख्या पियालीतून, सोबत तळलेले फुगीर बाऊर्साक. दादानं तिळगुळाची पुडी उघडली आणि शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंना दिली. त्यांनी बदल्यात कुर्तचे पांढरे गोळे दिले, वाळवलेल्या दह्याचे, खारट आणि दगडासारखे कडक. खिशात दोन ठेवले तर घाम गाळल्यावर मीठ भरून काढायला फार चांगले.

मंगळवार: टाचेकडचं वळण

पंजाकडचं वळण लवकर येतं, टाचेकडचं सगळ्यांनाच रडवतं. बोर्ड थरथरतो, धडधड आवाज येतो आणि कड सुटते. याची तीन कारणं असतात. माणूस खुर्चीवर बसल्यासारखा कमरेतून मागे बसतो, वजन मागच्या पायावर राहतं आणि छाती उताराबाहेर, दरीकडे बघत राहते.

उपाय असा. वळण सुरू होताना नजर आणि मागचा हात, दोन्ही बोर्डाच्या नाकाच्या दिशेनं न्यायचे. मागचा गुडघा पुढच्या गुडघ्याकडे ढकलायचा. नितंब कडेच्या वर आणायचे, कडेबाहेर नाही. घोटे वाकलेलेच ठेवायचे. घोटा वाकत नसेल तर बुटाचा पुढचा कल बघावा. मागच्या बाजूच्या कुलपात चार-पाच टप्पे असतात, मागचा बूट एक टप्पा पुढे कलवला की फरक लगेच कळतो. दादाची थरथर याच एका टप्प्यानं निम्मी झाली.

पंजाकडची चूक वेगळी. हातानं बर्फाला शिवायच्या हौसेनं माणूस कमरेतून वाकतो, पार्श्वभाग बाहेर जातो आणि कडेवरचं वजन कमी होतं. हात बर्फाला लागायला हवा तो अंग कलल्यामुळे, वाकल्यामुळे नाही.

दुपारच्या सुमारास उतारावर आणखी एक अल्पाइन बोर्ड दिसला. साठीच्या पुढचे एक गृहस्थ, जुना लांब बोर्ड, फिकट झालेले बूट. त्यांना हिंदी-इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला रशियन येत नव्हतं. ते आमच्या मागाजवळ थांबले, हातमोज्यानं रेघेचा सुरुवातीचा भाग दाखवला आणि मान हलवली. मग स्वतः एक वळण घेऊन परत आपल्या मागाकडे बोट केलं. त्यांची रेघ बोर्ड खाली वळायच्या आधीच, अजून आडवं असतानाच सुरू झाली होती. म्हणजे नव्या कडेवर ते नाक खाली जायच्या आधी चढत होते. आमची रेघ नाक खाली गेल्यानंतर सुरू होत होती. दुपारभर आम्ही तिघं तेवढंच करत राहिलो: आडव्यात असताना गुडघे वाकवून बोर्ड अंगाखालून सरकवायचा, नवी कड आधी टेकवायची, मग उतार. वहिनींचं टाचेकडचं वळण संध्याकाळी शेवटच्या फेरीत पहिल्यांदा एका रेघेत आलं. त्या गृहस्थांनी लिफ्टच्या रांगेतून दोन्ही हात वर केले.

बुधवार: बर्फ पडला

रात्रीपासून बर्फ. पर्यटकांना हा आनंदाचा दिवस, अल्पाइन बोर्डवाल्यांना सुट्टीचा. ताज्या भुसभुशीत थरात अरुंद बोर्डाचं नाक खाली बुडतं आणि हार्डबूट पाय सोडत नाहीत, त्यामुळे गुडघ्याला पीळ बसतो. ग्रूम न झालेल्या उताराबाहेर तर जाऊच नये, ताज्या बर्फानंतर हिमस्खलनाचा धोका सगळ्यात जास्त असतो.

मग मेदेऊला गेलो. 1,691 मीटरवरचं हे बर्फावरच्या स्केटिंगचं मैदान 1951 मध्ये सुरू झालं आणि वेगाच्या स्पर्धांचे अनेक विक्रम इथं झाले. मैदानाच्या वर धरणाची भिंत आहे, पाणी अडवण्यासाठी नव्हे, चिखल-दगडांचे लोंढे अडवण्यासाठी. 1966 मध्ये स्फोट करून डोंगर पाडून हे धरण उभं केलं आणि 1973 च्या मोठ्या लोंढ्यापासून त्यानं शहर वाचवलं. भिंतीवर चढायला 842 पायऱ्या आहेत. बर्फाळ दिवशी बुटांना काटेरी पट्टे असतील तरच चढावं.

दुपारी हिरवा बाजार, म्हणजे झेल्योनी बाझार. सुक्या जर्दाळूंचे ढीग, अक्रोड, मध, तंदुरी नान आणि कोरियन बायकांच्या ताटांत रचलेली गाजर-कोबीची चटकदार सॅलडं. शाकाहारी माणसानं सरळ इथूनच शिदोरी घ्यावी: नान, गाजराचं सॅलड, भोपळ्याचे सामसे. सामसा घेताना मात्र विचारून घ्यावा, बहुतेकांत मांस असतं. "बेझ म्यासा" एवढं म्हटलं की बिनमांसाचा देतात. मांसाहारी असाल तर लाघमान, हातानं ओढलेल्या लांब शेवयांचा रस्सा, थंडीत उतारावरून आल्यावर दुसरं काही नको वाटतं.

तिथं दादा सुक्या जर्दाळूंचा भाव करत होता, तोंडानं मराठीत पुटपुटत. मागून आवाज आला, "काका, तुम्ही इकडचेच काय? म्हणजे... वऱ्हाडातले?" मेहकरकडची एक मुलगी, इथं डॉक्टरकी शिकणारी. अल्माटीत भारतीय विद्यार्थी खूप आहेत, पण तिला गावची बोली कानावर पडून महिने झाले होते. तिनं संध्याकाळी आम्हाला मैत्रिणींच्या खोलीवर नेलं. प्रेशर कुकरमध्ये तुरीचं वरण आणि भात, आमच्याकडची जवसाची चटणी आणि ठेचा. पाच-सहा पोरी बटाट्याच्या भाजीवर ठेचा घेऊन जेवत होत्या आणि हसत होत्या. निघताना वहिनींनी चटणीचा डबाच ठेवून दिला. "ठेव माय, आमाले घरी हाय," म्हणाल्या. पुढचे दिवस आम्ही नान-सॅलडवर काढले आणि त्याचं काही वाटलं नाही.

गुरुवार: सगळ्यात चांगली सकाळ

बर्फ थांबल्यानंतरच्या पहिल्या ग्रूम केलेल्या सकाळीसाठी सगळा बेत आखावा, असं आता खात्रीनं सांगतो. मशीन फिरतं तेव्हा बर्फाचे कण फोडून एकमेकांवर दाबले जातात. मग थंड रात्रीत हे कण एकमेकांना चिकटून जोडत जातात. याला काही तास लागतात. म्हणून संध्याकाळी लवकर ग्रूम केलेला उतार सकाळी घट्ट होतो आणि पहाटे ग्रूम केलेला तेवढा मऊ राहतो. बुधवारी संध्याकाळी आभाळ मोकळं झालं, रात्री पारा उणे 12 पर्यंत उतरला, सकाळी उणे 8. कड आत शिरेल इतका मऊ आणि धरून ठेवेल इतका घट्ट, असा बर्फ.

माथ्याहून आधी एक फेरी सावकाश घेतली, नुसती पाहणी म्हणून. कुठं तोफांचा कृत्रिम बर्फ आहे ते बघून ठेवावं. तो जास्त दाट आणि कडक असतो, नैसर्गिक बर्फावरून त्याच्यावर जाताना पकड बदलते. मग पूर्ण फेऱ्या. आवाज हीच खूण: चांगलं कार्व्हिंग जवळपास आवाज करत नाही, कापड फाटल्यासारखी बारीक सळसळ येते. खरवड ऐकू आली की कड सुटली. सूर्य चढल्यावर उन्हातले पट्टे मऊ झाले, सावलीतले कडक राहिले. एकाच वळणात दोन्ही लागतात तेव्हा मऊ भागात बोर्ड अचानक खोल जातो आणि माणूस पुढे फेकला जातो. तिथंच आम्ही थांबलो. पाय थकल्यावर आणि बर्फ बदलल्यावर घेतलेल्या "आणखी एका फेरी"तच माणसं पडतात.

2018 च्या ऑलिंपिकमध्ये एस्टर लेडेत्स्कानं स्कीच्या सुपर-जीमध्ये आणि स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लॅलममध्ये, अशी दोन सुवर्णपदकं एकाच स्पर्धेत जिंकली. तिच्या फेऱ्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हा खेळ एवढा का ओढतो ते कळेल. या बोर्डावर घाई करून काही मिळत नाही. कड, कल आणि वेळ जुळून आले की पायाखालून जोर स्वतःहून परत मिळतो.

शुक्रवार: गोठलेली बाइंडिंग

शेवटच्या दिवशी वहिनींची मागची बाइंडिंग बसेना. स्टेप-इन प्रकारात टाचेतल्या दोन पिना बाहेर येऊन प्लेटमध्ये अडकतात. टाचेखाली किंवा पिनांच्या भोकात बर्फ दाबला गेला तर पिन अर्धीच येते. अर्धी बसलेली पिन बसल्यासारखी वाटते आणि वळणाच्या भाराखाली सुटते. एक पाय सुटला आणि दुसरा बोर्डाला धरून राहिला तर गुडघा जातो. उपाय: दर वेळी पाय ठेवण्याआधी टाच झटकायची, प्लास्टिकच्या पट्टीनं भोक साफ करायचं आणि पाय अडकवल्यावर पिना मागे ओढायची दोरी पूर्ण आत गेली का ते डोळ्यांनी बघायचं. बोटानंही चाचपावं. गोठलेलं असेल तर गरम पाणी ओतू नये, ते पुन्हा गोठतं. बूट लॉकरच्या उबदार खोलीत पाच मिनिटं ठेवला की मोकळा होतो.

खिशात काय असावं ते इथंच लिहितो: तीन नंबरचा छोटा पॉझिड्राइव्ह, सुटे स्क्रू चार, बुटाच्या पट्ट्याचा एक सुटा दात, लहान डायमंड स्टोन, कापडी टेप. जास्तीची पिनेची दोरी मुक्कामावर. रात्री बुटांचे आतले लायनर काढून खोलीत वाळवावेत, हीटरवर ठेवू नयेत, तापानं त्यांचा आकार बदलतो. हार्डबूट गाडीच्या डिकीत रात्रभर राहिले तर सकाळी प्लास्टिक इतकं ताठ होतं की पाय आत जात नाही.

फोन आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावा, थंडीनं बॅटरी झपाट्यानं उतरते. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकाखालीही लावावं, बर्फावरून ऊन खालून येतं. तहान लागत नाही म्हणून पाणी कमी प्यायलं जातं आणि संध्याकाळी डोकं धरतं.

परत आल्यावर

शनिवारी निघून रविवारी घरी. आर्वीला दुपारी 31 अंश. बॅग आल्याबरोबर उघडायची, कारण आतल्या ओलसरपणानं दोन दिवसांत कडांवर गंज धरतो. कोरड्या कापडानं पुसून, बर असेल तर काढून, पूर्ण बोर्डावर मेणाचा जाड थर देऊन तो न खरवडता तसाच ठेवायचा. मेण कडांवरही उतरू द्यायचं, पावसाळ्यात तेच गंजापासून वाचवतं. बाइंडिंगचे स्क्रू काढून ठेवावेत, नुसते सैल केले तरी चालतं, म्हणजे तळावर ताण राहत नाही.

पण विदर्भात बोर्डाचा खरा शत्रू मे महिना. टिनाच्या छपराखाली दुपारी जी भट्टी होते तिच्यात थर धरून ठेवणारा इपॉक्सी मऊ पडतो आणि टायटनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा असलेल्या बोर्डात बुडबुडे येतात, थर सुटतात. गाडीच्या डिकीतही तेच. बोर्ड मातीच्या भिंतींच्या खोलीत, जमिनीपासून वीतभर वर, आडवा सपाट ठेवावा. दोन बोर्ड पट्ट्यानं आवळून एकमेकांना बांधू नयेत, त्यांची कमान बसते. आमचे धान्याच्या खोलीत ज्वारीच्या कोठीमागे असतात, घरातली सगळ्यात थंड जागा तीच.

बुटांना धोका उंदरांचा. लायनरचा फोम त्यांना घरट्यासाठी हवाच असतो. बूट हलके बंद करून, आत कागद भरून, पत्र्याच्या पेटीत ठेवावेत आणि पेटीही त्याच थंड खोलीत. वास आणि कीड नको म्हणून कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा. डांबरगोळ्या घालू नयेत, त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडतं. दिवाळीनंतर पेटी उघडून पट्टे, दोऱ्या आणि रबरी तळवे तपासायचे. काही बदलायचं असेल तर मागवायला महिना-दीड महिना हाताशी राहतो.